सकाळनंतरचा थांबा

३ जानेवारी

ह्यांचा सूर लावायचा काटा परत माझ्याच पर्समध्ये आला. मी तो मुद्दाम टेबलावर ठेवून निघाले होते, तर शिंपीणबाई जिन्यापर्यंत धावत आल्या. "वहिनी, हा विसरलात!" विसरले नव्हते.

आजचा वृंदगानाचा सराव म्हणजे नुसतं भांडण. मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या, पण छडी काही हातातून सुटली नाही. टाळ्या वाजवून ठेका धरतात आणि कुणी चुकलं की बोट रोखतात – तू! हो, तूच! बेकरीवाल्याला सुद्धा! साठी उलटलेला माणूस. "बाई, मी चौथीत शाळा सोडली ती ह्याच कारणाने," म्हणाला, टोपी घातली आणि निघाला. मग दंतवैद्य उठले. त्यांचं म्हणणं, वृंद चालवायला विचार लागतो. ते विचार सांगेपर्यंत अर्धे लोक घड्याळ बघायला लागले. मुख्याध्यापिका आणि दंतवैद्य, दोघांनाही ह्यांच्या रिकाम्या जागी उभं राहायचंय आणि दोघांनाही एकमेकांना राहू द्यायचं नाही.

मी मागे खुर्च्या रचत होते. शिंपीणबाई म्हणाल्या, "वहिनींनाच उभं करा. हॉलची किल्ली त्यांच्याकडे, काटा त्यांच्याकडे, मास्तरही त्यांचेच."

सगळे वळून बघायला लागले. हातात खुर्ची घेऊन मी तशीच उभी.

नाही म्हटलं. उभ्या जन्मात एक ओळ सुरात गायले नाही. माझा आवाज म्हणजे गंजलेलं फाटक.

८ जानेवारी

पुन्हा आले विचारायला. चहा घेतला. पुन्हा नाही म्हटलं.

११ जानेवारी

घरात बसवत नाही. कपाट खिडकीकडे सरकवलं, उजेड अडला म्हणून परत भिंतीशी नेलं. पुस्तक उघडलं, एकच पान तीनदा वाचलं, मिटलं. ह्यांचा कोट खुंटीवरून काढला, झटकला, पुन्हा तिथेच लावला. ऑक्टोबरात गेले हे, आणि कोटाला अजून जागा सापडत नाही मला.

लेकीचा फोन. सगळं सांगितलं तिला.

"आई, तुला सा तरी लागतो का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? नाहीच म्हटलंय मी."

"मग अर्धा तास त्याबद्दलच का बोलतेयस?"

बापावर गेली आहे.

१२ जानेवारी

हो म्हटलं. नवा माणूस मिळेपर्यंत. तेवढंच.

१५ जानेवारी

वाचनालयातून वृंदगानावरचं पुस्तक आणलं. मला कुठलीही गोष्ट आधी छापील लागते. स्वयंपाक सुद्धा लग्नानंतर पुस्तकातून शिकले, सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

पुस्तकात बरंच आहे. संचालकाने पाय किती अंतरावर ठेवावेत, कोपर कुठे, चेहरा कसा. म्हणे त्याला सगळ्यांचे आवाज वेगवेगळे ऐकू यावेत आणि एकत्रही. म्हणे तो खंबीर असावा, मृदू असावा, वेळेवर येणारा असावा, थोडा विनोदी असावा. असा माणूस असता तर कुणी वृंदासाठी शिल्लक ठेवला असता का? लग्नाच्या बाजारातच उचलला असता!

ह्यांच्यात त्यातलं काय होतं? वेळेवर कधी नाही. मृदू – चुकलं की डोळे असे काढायचे! कोपर तर पंख मोडलेल्या कोंबड्यासारखं. तरी माणसं यायची. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून ह्यांनी इतकी वर्षं वृंद चालवला. का यायची? ते काही पुस्तकात सापडत नाही.

आरशासमोर हात हलवून बघत होते. जाऊबाई वरच्या मजल्यावरून दही मागायला आल्या, दारातच थांबल्या.

"डास फार झालेत का गं?"

१७ जानेवारी

पहिला सराव. अंग धुतल्यासारखं भिजलं.

काटा गुडघ्यावर आपटला, ह्यांच्यासारखा. जोरात लागला. कानाशी धरला तर आवाज गुणगुणत येतो, तो ऐकून सूर द्यायचा असतो. मी तो घशातून काढायला गेले, निघालं भलतंच. बेकरीवाल्याने – परत आलाय तो – माझ्या हातातून काटा हळूच घेतला, ऐकला, खालून सूर दिला. सगळ्यांनी उचलला. काटा परत माझ्या हातात. चांगली माणसं आहेत.

मग मी हात वर केला. कुणी सुरूच करेना. मी हात आणखी वर केला. शेवटी त्यांनी आपापलंच सुरू केलं आणि मी त्यांच्या मागे मागे हात हलवत राहिले. गाडीमागे धावणारं कुत्रं बघितलंय का, तशी. गाडी आपली चालली आहे, आणि कुत्र्याला वाटतंय मीच हाकलतोय.

वेग मात्र ह्यांचा. सगळं ह्यांचं. डोळे मिटले तर –

डोळे मिटू नयेत असं पुस्तकात आहे.

२४ जानेवारी

दोन नवीन मुली आल्या, एक बँकेतली, एक नर्स. जाहिरात बघून आल्या. आवाज स्वच्छ, घासलेल्या भांड्यासारखे. मुख्याध्यापिकांनी लगेच त्यांना रांगेत उभं केलं. करू दे. रांग लावायचं काम त्यांनाच दिलं मी, आता खूश आहेत.

"चालत राहू" घेतलं. शब्द आणि चाल दोन्ही ह्यांचे, लग्नाआधीचे. मुलींना पाठ होतं, म्हणाल्या आमच्या शाळेत शिकवलं होतं. आणि मग ते झालं.

चालत राहू, वाट आपुली, सकाळ काही दूर नाही.

आमचे सगळे "सकाळ" म्हणून थांबले. त्या दोघी थांबल्याच नाहीत. "काही दूर" एवढं दोघींचंच ऐकू आलं, रिकाम्या हॉलमध्ये. बिचाऱ्या लाजून गप्प.

शिंपीणबाई म्हणाल्या, "तिथे थांबायचं असतं, बाळांनो."

"पण स्वरलिपीत नाहीये," नर्स म्हणाली.

दंतवैद्य पुढे आले. म्हणाले, स्वरलिपीत सगळं नसतं. तो थांबा मास्तरांनी उशिरा बसवला, शेवटच्या वर्षात. "सकाळ हा शब्द उच्चारल्यावर आशा क्षणभर छातीत रोखून धरायची. मग सोडायची. हे परिपक्वतेचं लक्षण आहे." मुलींनी मान डोलावली. दोनदा करून बघितलं. छान जमलं त्यांना.

मी काट्याशी चाळा करत उभी.

२५ जानेवारी

आशा! छातीत आशा नव्हती हो. छातीत नुसती घरघर होती.

शेवटच्या वर्षी ह्यांना ती ओळ एका दमात जाईना. हे वृंदाबरोबर स्वतः गायचे, नेहमीच. "सकाळ"पर्यंत यायचे आणि श्वास संपायचा. हात हवेत अडकायचा. तोंड उघडं. एक घोट हवा घ्यायचे, मग "काही दूर नाही". हाताकडे बघून माणसं थांबायला लागली. मग हात नसतानाही थांबायला लागली.

घरी हे नळ सोडून बाथरूममध्ये ती ओळ म्हणायचे, मला ऐकू जाऊ नये म्हणून. नळाच्या आवाजातून काय ऐकू यायचं ते मलाच माहीत. एकदा बाहेर आले, टॉवेल गळ्यात, चेहरा लाल. "आज जवळजवळ गेली होती," म्हणाले.

सांगू का त्यांना? कशाला? दर शनिवारी सगळी माणसं एकदम थांबतात आणि तेवढ्या जागेत हे श्वास घेतात. आणखी कुठे घेतात आता?

नाही सांगत.

३१ जानेवारी

बरा गेला सराव. आता हात वर केला की सुरू करतात. मी करते की ते, माहीत नाही.

खुर्च्या लावताना बेकरीवाला म्हणाला, "वहिनी, तुम्ही पुढे उभ्या राहिलात ते बरं झालं. पण पंचाईत अशी की गाणं संपलं की नाही ते आता कळत नाही."

"म्हणजे?"

"मास्तर प्रत्येक गाण्यानंतर तुमच्याकडे बघायचे ना. तुम्ही दाराशी खुर्चीत वाचत बसलेल्या. पान उलटलंत की आम्हाला पुन्हा म्हणायला लावायचे. पुस्तक मिटून वर बघितलंत की झालं, घरी चला. एकदा तुम्ही कुठली तरी जाडी कादंबरी आणली होतीत. देवा! सहा वेळा म्हटलं आम्ही ते गाणं."

मला वाटायचं, हे दारावरचं घड्याळ बघतात.

७ फेब्रुवारी

संगीत महाविद्यालयातल्या बाई आल्या होत्या. मार्चात सगळ्या वृंदांचं संमेलन आहे, ते त्यांच्याकडे. शेवटी सगळे मिळून एक गाणं गाणार, आणि ते "चालत राहू" ठरलंय – ह्यांच्या आठवणीत. दीड-दोनशे माणसं! त्या सांगत होत्या आणि मी खिडकीची कडी लावत होते, काढत होते.

मग ऐकायला बसल्या, माझ्या खुर्चीवर. आम्ही गायलो. थांब्याच्या जागी त्यांनी मान वर केली.

"हा थांबा बाकी कुणाकडे नाहीये," म्हणाल्या. "जुन्या स्वरलिपीवरून बसवलंय सगळ्यांनी. बाकीचे सरळ जातील, तुम्ही थांबाल. मधोमध भोक पडेल."

दंतवैद्य लाल. "मग बाकीच्यांनी शिकावं! चाल मास्तरांची, थांबा मास्तरांचा. आम्ही का बदलायचं?" सगळेच बोलायला लागले. मुख्याध्यापिका आणि दंतवैद्य एका बाजूने बोलतायत असं प्रथमच घडलं असेल.

बाईंनी हात वर केला आणि सगळे गप्प. (बघा, कोपर कुठे होतं ते मी बघून ठेवलं.) मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तसं असेल तर मी सगळ्यांना थांबायला शिकवते. वेळ आहे. मास्तरांची तशी इच्छा होती का, ते तुम्हीच सांगू शकाल. पुढच्या शनिवारी सांगा."

नवीन माणसाचंही विचारलं मी. "बघते तुमच्यासाठी कोणी," म्हणाल्या.

८ फेब्रुवारी

दोनशे माणसं. एकदम थांबतील.

९ फेब्रुवारी

सकाळपासून घरात फेऱ्या. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, गॅलरी, परत. भात लागला. जाऊबाई वरून ओरडल्या, "अगं, काय जाळलंस? आणि किती चालशील? माझ्या खोलीत तुझी पावलं ऐकू येतात!" खालच्या मजल्यावरची पावलं वर कशी ऐकू येतील? पण आली असतील.

दगडात कोरतात माणसाची आठवण. इथे तर माणसांच्या छातीत कोरायला तयार आहेत. मी फक्त "हो" म्हणायचं. हो, त्यांची इच्छा होती. खोटंही नाही धड. कोण विचारणार आहे?

पुस्तक पुन्हा काढलं. संचालकाने स्वतःला काय ऐकायचंय ते बाजूला ठेवून समोर काय चाललंय ते ऐकावं. पहिल्या वेळी ह्या वाक्यावरून सरळ पुढे गेले होते.

समोर काय चाललंय? समोर वीस धडधाकट माणसं एका आजारी माणसासारखी गातायत.

१० फेब्रुवारी

"आज जवळजवळ गेली होती." किती खूश होते ते सांगताना. ती ओळ एका दमात जावी एवढंच हवं होतं त्यांना. त्यांनी तो थांबा बसवला नाही, त्यांना तो लागला. ठेच लागते तसा. आणि मी त्या ठेचेचं देऊळ बांधायला निघाले!

१४ फेब्रुवारी

सांगितलं.

बसूनच सांगितलं, पुढे उभं राहून जमलं नसतं. कोट खुंटीवर टांगावा तसं एकेक वाक्य. श्वास, हात, नळ. बाथरूमचं सांगताना शिंपीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग बेकरीवाला, "मला वाटलंच होतं. मी अगदी शेजारी असायचो ना. ऐकू यायचं."

"मग बोलला का नाहीत?" मुख्याध्यापिका.

"काय बोलणार? मास्तर, तुमचा दम संपला म्हणून? थांबलो आम्ही, झालं."

दंतवैद्य खाली बघत होते. "आणि मी ह्या मुलींना आशा शिकवली," म्हणाले. बँकेतली मुलगी म्हणाली, "काका, पण छान शिकवली होती!" तेव्हा ते हसले, आणि मग सगळेच. मीसुद्धा. किती दिवसांनी.

महाविद्यालयातल्या बाईंना मी म्हटलं, थांबा नको. सरळ जाऊ दे. त्यांनी नुसती मान हलवली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

२१ फेब्रुवारी

जात नाही! सगळ्यांना पटलंय, सगळ्यांना जमवायचंय, आणि "सकाळ" आलं की सगळे खांबासारखे उभे. दंतवैद्य तर स्वतःवर चिडून पाय आपटतात. मुली सरळ जायच्या, आता त्याही थांबायला लागल्या! संगत.

मी ओरडले. ह्यांच्यासारखे डोळे काढले. काही उपयोग नाही. सवय डोक्यात असती तर काढता आली असती, ही फासळ्यांत बसलीय.

२६ फेब्रुवारी

दुपारी घरात फेऱ्या घालताना लक्षात आलं – मी ते गाणं पुटपुटतेय. गंजलं फाटक का होईना. स्वयंपाकघरातून गॅलरीत जाईपर्यंत ओळ संपली होती. थांबले नव्हते! पाय थांबले नाहीत, तर गळा कशाला थांबेल?

पुन्हा करून बघितलं. उभी राहिले की थांबा येतो. चालले की नाही.

जाऊबाईंना सांगितलं. "चालत राहू म्हणायचं आणि गाढवासारखं एका जागी उभं राहायचं," त्या म्हणाल्या, "मग काय होणार?"

२८ फेब्रुवारी

खुर्च्या भिंतीला लावल्या. सगळ्यांना गोल चालायला लावलं, एकामागे एक. मुख्याध्यापिका म्हणाल्या, हा काय पोरखेळ! आणि सगळ्यांत आधी निघाल्या. बेकरीवाला पुढच्याच्या पायात पाय घालत होता. शिंपीणबाई हसून हसून गाईनात.

तिसऱ्या फेरीला ओळ गेली.

चालत राहू वाट आपुली सकाळ काही दूर नाही.

एका दमात. पुलाखालून पाणी जावं तशी. कुणी थांबलं नाही, ओळ पुढे गेली, पुढचं कडवं सुरू झालं, ते चालतायत, बूट वाजतायत, आणि मी मधे उभी. मला तेवढीच जागा ऐकू आली, जिथे आता काही नव्हतं.

पुन्हा म्हणा, म्हटलं. पुन्हा गेली.

मग सगळे थांबून माझ्याकडे बघायला लागले. बेकरीवाल्याने पुस्तक मिटल्यासारखे हात जुळवून दाखवले. मी तसेच जुळवले. झालं. घरी चला.

१ मार्च

कोट काढला खुंटीवरून. कपाटात ठेवला. दिवसभर खुंटी बघत होते.

१४ मार्च

संमेलन झालं. दोनशे माणसं, अजून जास्तच असतील. मी आमच्या लोकांसमोर उभी होते, हात हलवत. ती ओळ आली आणि गेली. कुणाला काहीच कळलं नाही. तेच हवं होतं.

लेक आली होती. "बाबांना आवडलं असतं," म्हणाली. मी म्हटलं, त्यांनी वेगावरून भांडण काढलं असतं.

१७ मार्च

माणूस मिळाला. महाविद्यालयातल्या बाईंनी फोन केला. शिकलेला आहे, तरुण, स्वभावाने गरीब. पुढच्या महिन्यापासून येईल. आधी एकदा ऐकायला येतो म्हणाला.

बरं झालं. सुटले. दोन खोल्या झाडल्या, पुन्हा झाडल्या.

पुस्तक वाचनालयात परत केलं.

२८ मार्च

माझा शेवटचा सराव. किल्ली आणि काटा रुमालात बांधून नेले होते, द्यायला. नवा माणूस आला, दाराशी माझ्या खुर्चीवर बसला. एक नवीन गाणं सुरू केलेलं आहे, तेच घेतलं. दुसऱ्या ओळीत सगळे एकदम थांबले. मुली सुद्धा! स्वरलिपीत तिथे काही नाही. मी हवेत राहिलेला हात खाली घेतला, विचारलं, इथे का थांबलात?

बेकरीवाला म्हणाला, "तुम्ही थांबलात म्हणून, मास्तर."

कुणी हसलं नाही.